कोपरापर्यंत

युटिकात नोव्हेंबरातच पाचला अंधार पडतो.
चर्चच्या तळघरात हीटरचा पाइप खोकत असतो
आणि एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवलेली लॉरेटा
गुडघे सांभाळत
सात वर्षांच्या मुलीच्या मापाच्या खुर्चीत बसते.

खांदा: क्.
कोपर: ॲ.
मनगट: ट्.
मग तळवा खांद्यापासून बोटांपर्यंत ओढत आणायचा.
कॅट.

एह पॉ खांद्याला हात लावते, कोपराला लावते,
आणि थांबते.
कॅ.
चित्रातली मांजर शेपटीवाचून बसून राहते.

हा हट्ट नव्हे, आळसही नव्हे.
तिच्या कारेन भाषेत शब्द
दार सताड उघडं ठेवूनच संपतात,
वारा येवो, शेजारीण येवो.
आपल्याकडे अक्षराचा पाय मोडला की कळतं,
इथे थांबायचं.
तिच्याकडे मोडायला पायच नाही.

लॉरेटाला हे कुणी सांगितलेलं नाही.
तिला एवढंच ठाऊक:
दार लागल्याशिवाय बस हलवायची नाही.
'दार लाव,' ती म्हणते. 'दार लाव गं बाळा.'
बॅ. हॅ. मॅ.
बाहेरून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक जातो.

मग एका गुरुवारी एह पॉ वही उघडतच नाही.
आई दह्याच्या कारखान्यात रात्रपाळीला,
डब्यांवर झाकणं दाबते.
उजवं मनगट सुजून टम्म.
सोमवारी दवाखान्यात दुभाष्या आलाच नाही
म्हणून लेकच बोलली:
माय मदर कॅन्ट बेंड इट.
म्हणजे, असं म्हणायचं होतं तिला.
नर्सनं ऐकलं, कॅन.
हसून लिहून घेतलं, चार गोळ्या दिल्या,
आणि मंगळवारी आई पुन्हा झाकणांसमोर उभी.

लॉरेटा बराच वेळ काही बोलत नाही.
केवढंसं अक्षर ते.
जीभ दातांमागे टेकते न टेकते,
आणि एका बाईचं अख्खं 'नाही'
तेवढ्या जागेत राहतं.

त्या दिवशी मांजर नाही, टोपी नाही, चटईही नाही.
कॅन. कॅन्ट. कॅन. कॅन्ट.
मनगटावर बोटं इतकी आपटली
की कातडी लाल,
आणि कागदावर थुंकीचा एक थेंब.
सहा वाजता लॉरेटा दवाखान्याला फोन लावते,
मागच्या बाकावरच्या दंगेखोरांसाठी
राखून ठेवलेल्या आवाजात.

पुढचे काही आठवडे सगळ्यालाच ट् चिकटतो.
बनानाट. विंडोट. लॉरेटाट.
लॉरेटा खोडत नाही.
आईचा हात पट्टीत आहे, काम हलकं मिळालंय,
पगारही हलका.
तो ट् कुठे लावायचा, हे लॉरेटालाही माहीत नाही.

आज निघताना कोटाची चेन अडकते.
ती सोडवता सोडवता लॉरेटा नेहमीसारखं म्हणते,
'गुड नाइट, एह पॉल.'
तीन महिने हा ल तिच्या तोंडून निसटतोय.
मुलगी वर बघते.
म्हातारीचा हात धरून तिच्याच खांद्यावर ठेवते: एह.
कोपरावर आणते: पॉ.
लॉरेटाची बोटं सवयीनं मनगटाकडे निघतात,
तर एक थंडगार छोटा तळवा
मध्येच आडवा येतो.

'डोन्ट,' एह पॉ म्हणते.
ट् अगदी स्पष्ट.