उंबऱ्यावरचा

रात्रपाळी. विनिपेगमध्ये उणे एकतीस.
माझ्यापुढे सात महिन्यांच्या मुलीचं
चमचाभरही नाही एवढं रक्त.
नळीवर नाव: आगानेटा फ्रीझन.

दक्षिणेकडच्या मेनोनाइट गावातली माणसं.
आई काळा रुमाल बांधते,
बोलते ती त्यांची जुनी, घरगुती जर्मन.
डॉक्टर ओलाफसनचं अर्धं तिच्यापर्यंत पोचत नाही,
तिचं बहुतेक सगळं आमच्यापर्यंत.

पेशी मोजल्या.
मारेकरी टी पेशी जवळजवळ नाहीतच,
मदतनीस मात्र हव्या तेवढ्या.
घर भरलेलं, आणि हाकेला ओ नाही.

कडी वाजवली मी, रीतसर, प्रतिपिंडांनी.
पडद्यावरची रेघ आडवी ती आडवीच,
कॅल्शियम जागचं हललं नाही.
शेजारच्या नळीत तुलनेसाठी माझं रक्त होतं,
ते उसळलं. जरा आगाऊपणेच.

दार आणि घर यांच्यामध्ये एक जण असतो.
झॅप-सत्तर.
नाव असं की झुरळांचं औषध वाटावं.
कडी वाजली की तो उंबऱ्यावर येतो,
पुढच्याच्या हातावर एक फॉस्फेट ठेवतो,
पुढचा त्याच्या पुढच्याला उठवतो...
बस, एवढंच.
त्याला शत्रू ठाऊक नाही, ताप ठाऊक नाही,
बाळाच्या फुफ्फुसात कोण येऊन बसलंय
ते तर नाहीच नाही.
ऐकलेलं आत नेतो, इतकंच.
आगानेटाच्या पेशींत तो नाही.

पहाटे चारला मी दार सोडलं
आणि भिंतीला भोक पाडलं:
आयोनोमायसिन, एक थेंब.

रेघ उठली.

मी पेन खाली ठेवलं.
म्हणजे होत्या. जाग्या होत्या सगळ्या,
सात महिने,
कुणीतरी सांगायला येईल म्हणून.

अहवाल तीन ओळींचा झाला.
असलं काही त्यात लिहीत नाहीत.

सकाळी बाहेर बाकावर तिचा भाऊ ईसाक,
आठ-नऊ वर्षांचा, सूर्यफुलाच्या बिया फोडत,
टरफलं मुठीत नीट जपत.
त्याची अस्थिमज्जा जुळते का, अजून कळायचंय.
आई हळूच काहीतरी म्हणाली.
तो माझ्याकडे वळला, शाळेतल्या इंग्रजीत:
"आई विचारते, बाळाला आतून काही कळतंय का?"

कळतंय, मी म्हणाले. तयार आहे ती.
आणखीही सांगणार होते,
पण तो केव्हाच
आईकडे वळला होता.