हवामानाच्या बातम्यांनंतर

देवा, आज तुझ्याकडे मागण्यासारखं काही नाही.
हानुसनं बोट विकली.
मंगळवारपासून तो माशांच्या कारखान्यात जातो,
सहाला परत येतो, सोफ्यावर झोपतो
कोरड्या मोज्यांनिशी.
एकोणीस वर्षं तुझ्यामागे लावलेली भुणभुण
एका सहीनं संपली.

तरी पावणेसातला हात रेडिओकडे गेलाच. खोड.
तोर्शहावनचा तो सर्दट आवाज,
एकामागून एक समुद्र:
पूर्वेला वारा आठ, वाढत जाणारा,
दक्षिणेच्या उथळ पाण्यावर धुकं,
आइसलंडच्या अंगाला दोरखंडांवर बर्फ.
यातलं एकच नाव मी आजवर ऐकत आले,
हानुसचं पाणी.
ते होऊन गेलं की बटाट्यांकडे वळायची.
बाकीचे समुद्र माझ्याच स्वयंपाकघरात
बोलत राहायचे, कुणी ऐकत नसताना.

आज सगळे ऐकले.
धुक्यात कुणीतरी असणार.
नाव माहीत नसलं की माझी प्रार्थना अडखळते,
म्हटलं, तो.
मग म्हटलं, जो कोणी आत्ता डेकवर उभा आहे तो.
मग त्याचे हातमोजे दिसले, ओले,
डाव्याच्या अंगठ्याला भोक.
तू दाखवलेस की मी रचले, कोण जाणे.
हानुसचेच जुने असतील.

आणि मग ते आठवलं, जे मी टाळत आले.
त्या फेब्रुवारीत हानुस परत आला तेव्हा
याच ओट्यापाशी गुडघे टेकून
मी तुझे आभार मानले होते.
भिंतीपलीकडे मालान.
तिचा माणूस त्याच रात्री, त्याच पाण्यात.
भिंत पातळ आहे,
म्हणून मी आवाज तेवढा खाली केला होता.

तेवढंच केलं होतं.

आज तिचं नाव घेतलं.
जीभ जड झाली.
तिच्यासाठी काय मागायचं, इतक्या वर्षांनी?
गेलेला माणूस? झोप? माझी क्षमा?
सुचेना, म्हणून रेडिओचंच वाक्य पुटपुटले:
दृश्यमानता कमी,
पहाटेपर्यंत वारा दिशा बदलण्याची शक्यता.
भिंतीपलीकडे खुर्ची सरकली.
तीही ऐकत असते का रे, अजून?

हानुस उठून बसला.
नाक उडवून म्हणाला,
आई, काहीतरी लागलंय.
पातेल्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं.

हो, म्हटलं.
लागलंय.