चष्मेवाला दाराशी उभा असतो

शुक्रवारी साडेतीनलाच मी दुकान बंद करतो.
ग्रोनिंगेनमध्ये डिसेंबरात उजेड असतो तरी किती;
साडेचारला संपतो, उरलासुरला लोक सायकलींना लावून फिरतात.
कोटाखाली जाड जॅकेट, कानात वायरीचं बोंड,
हातात वॉकीटॉकी, तिची मला अजून धास्तीच वाटते.
मी नाथान दे लेव्ही. आठवडाभर माणसांना विचारतो,
हे अक्षर दिसतं का? आणि आता?
शुक्रवारी सिनेगॉगच्या दाराशी विचारतो,
कोणाकडे आलात? पिशवीत काय आहे?
म्हाताऱ्या ड्रुकरांची पिशवीसुद्धा उघडायला लावतो. नियम आहे.
आत दर वेळी तेच: हेरिंगची बरणी आणि कालचा पेपर.

दगड एकदाच आला. काच बदलली, हिशेब मिटला.
शब्द मात्र रोज येतात, ट्रामच्या थांब्यावरून, शाळेच्या डब्यातून,
आणि पोलीस विचारतात, जखम कुठे झालीय?
ट्राम आमच्या गावात नाही म्हणा. मुलगी युट्रेख्टला शिकते, तिथली गोष्ट.
तिर्झा. सतराची. गळ्यातला तारा स्वेटरबाहेर काढते,
मी बोटाने आत सरकवतो, ती पुन्हा बाहेर काढते.
निरोप घ्यायची आमची हीच पद्धत झाली आहे.
मेव्हण्याने दारावरची पाटी उतरवली, नुसता घरनंबर ठेवला.
म्हणतो, बरं झालं, बिलंही सापडत नाहीत मला आता.
हसतो. पण दार उघडायच्या आधी दोनदा भोकातून बघतो.
माझी आई लहानपणी दोन वर्षं एका शेतकऱ्याच्या
कपाटामागे राहिली होती.
ती जाईपर्यंत आमच्या घरात एकाही कपाटाला दार नव्हतं.

परवा समोरच्या इमारतीतल्या बाई निवेदन घेऊन आल्या.
चांगल्या आहेत. चष्मा माझ्याकडूनच घेतात, उणे साडेचार.
म्हणाल्या, तुमच्याविषयी मनात काही नाही हो,
पण तुम्ही इथे असलात की आमच्याही जिवाला घोर.
गावाबाहेर, हमरस्त्याच्या अंगाला कुठे जागा मिळाली तर...
खाली एकोणीस सह्या.
त्यातल्या सात जणांचे नंबर मला तोंडपाठ आहेत.
मी कागदाची नीट घडी घातली. चष्म्याची काडी सैल झाली होती,
तीही पिळून दिली. पैसे घेतले नाहीत.
का घेतले नाहीत, याचा रात्रभर राग येत राहिला.

आज पलीकडच्या फुटपाथवर एक पोरगा. हुडी. हात खिशात.
जागचा हलत नव्हता. मी वॉकीटॉकीवर हळूच बोललो,
आतून कडी लागल्याचा आवाज आला.
अकरा मिनिटं. मग तो रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे.
म्हणाला, तुम्हीच ना चष्मेवाले? दुकान बंद दिसलं.
माझा तयार झालाय का?
सोमवारी ये, म्हणालो. आवाज माझा नव्हता.
तो गेला, दोनदा मागे बघत; अंधुकच दिसत असणार त्याला.
अकरा मिनिटं मी त्याच्यात जे पाहिलं ते तिथे नव्हतं.
आणि पुढच्या वेळी असलं तर?
या नंबराचं भिंग माझ्या दुकानात नाही.

आत गाणं शेवटच्या कडव्याला आलं होतं.
सहा वर्षं मी ते बाहेरूनच ऐकतो,
ड्रुकर कुठल्या ओळीला खोकतात तेही पाठ आहे.
या कडव्याला सगळे दाराकडे वळतात
आणि येणाऱ्या शब्बाथला वाकून नमस्कार करतात.
दाराच्या या बाजूला मी असतो.
तो नमस्कार दर आठवड्याला माझ्या पाठीला लागतो.

आज कडी निघाली. वीतभर फट. मेणबत्त्यांचा वास, गरम हवा,
आणि तिर्झाचा आवाज: बाबा, वळ ना जरा.
दार लाव, म्हटलं.
लावते. आधी वळ.

रस्त्याच्या टोकाला एक सायकल येत होती,
दिवा नसलेली.
मी तिच्याकडे बघत राहिलो.
दार अजून लागलं नव्हतं.