दोन थाऊ

विल्फ ट्रँटरच्या शेडमध्ये हीटर आहे, पण तो लेथसाठी.
माणसांनी कोट घालावा.
पिरब्राइटचा चिखल दाराशी सोडून
मी डायलपाशी उभी राहते.
लेथ त्याचा, हात त्याचे, आकडा वाचायचा मी.
त्याच्या डाव्या डोळ्यात आता धुकं आहे
आणि उजव्यावर त्याचा विश्वास नाही.

चकमध्ये नळी फिरते. तीस इंच पोलाद,
आत पिळदार चर, बाहेर नुसता उजेड.
"सांग."
अर्धा थाऊ बाहेर.
तो स्क्रू असा वळवतो, जसं झोपलेल्या मुलाच्या
मुठीतून खेळणं सोडवावं.
"आता?"
काटा थरथरतो. थांबतो.
सुतासारखं सरळ, म्हणतात आमच्यात.
"सूत म्हणजे किती?"
इंचाचा आठवा भाग.
तो हसत नाही. "तेवढ्यात अख्खं गिल्डफर्ड चुकेल."

रीमर आत जातो. तेल. कीस पुसा. पुन्हा तेल.
एका काडतुसाएवढ्या पोकळीत
माझा आख्खा शनिवार मावतो.
मग दोन गेज:
एकावर बोल्ट मिटला पाहिजे,
दुसऱ्यावर मिटता कामा नये.

त्या दोहोंमधल्या फटीवर आमचं घर चाललं.
वरणगावच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं
बाबा पितळेच्या पुंगळ्या तपासत होते.
जातो. जात नाही. जातो.
माझ्यासाठी आलेली स्थळंही त्यांनी तशीच पाहिली.
लाखो पुंगळ्या हाताखालून गेल्या,
गोळी एकही झाडली नाही,
एक कान मात्र प्रेसनं नेला.

अक्रोडाच्या दस्त्यात इपॉक्सी ओतून
विल्फनं रात्रभर कोणाला शेडमध्ये येऊ दिलं नाही.
बर्मिंगहॅमला मुद्दाम जास्त दाब देऊन पाहिली तिला,
फुटली नाही, म्हणून शिक्का मारला.
(माणसांनाही असा शिक्का हवा होता,
बसमध्ये मी उगीच म्हणून गेले.)

बिझलीला जाते म्हटलं
तर बाबांना ऐकू आलं बिजली.
"वीज पडते तिथे कशाला जातेस?"

हजार यार्ड.
लक्ष्य म्हणजे दूर कुणीतरी विसरलेला रुमाल.
मी पालथी, कोपरांखाली चटई, दंडाला पट्टा,
खांदा माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही.
भोकातून पाहते: वर्तुळात वर्तुळ,
आणि मध्ये सरे परगण्यात, मार्च महिन्यात,
गवतावर वाहणारं मृगजळ.

पहिली गोळी.
गोळी पोहोचायला दीड सेकंद लागतो,
तेवढ्यात मला आईचा चेहरा आठवून पुसलाही गेला.
लक्ष्य जागचं हललं नाही.
"वारा," विल्फ म्हणाला. एवढंच.
डावीकडचे झेंडे फडफडत होते, उजवीकडचे झोपलेले.
दोन खटके डावीकडे.
लक्ष्य खाली गेलं, वर आलं,
कडेला पांढरी चकती.
मग आत. मग आणखी आत. मग एकदा बाहेर, तेव्हा चूक माझी,
मी श्वास पुरता सोडला नव्हता.
नंतर सलग चार,
चारही माझ्या तव्याखाली झाकता येतील इतके जवळ.
विल्फनं थर्मासचं झाकण माझ्याकडे केलं.
त्याच्या हिशेबात हे खूप झालं.

तिकडे रात्रीचे साडेआठ.
बाबांना बातमी नको होती, पुंगळी हवी होती.
बूड कॅमेऱ्यापुढे धरलं.
"जवळ. आणखी जवळ. उजेडात धर."
चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावून
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं लाईन गेली.

"प्रायमरची कड चपटी झालीय," म्हणाले,
"दाब जास्त आहे.
अर्धा ग्रेन दारू कमी कर.
आणि त्या साहेबाला विचार,
हेडस्पेस किती ठेवलंय?"

दोन थाऊ, मी म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
बोटांनी दाखवलं: दोन.

"जातो," म्हणाले.