विषय : एक लेख सुचवायचा आहे

रात्री साडेअकराला, मुलगी झोपल्यावर,
मी माणसं विकायला काढते.
एका परिच्छेदात एक माणूस.
खाली माझं नाव, नंबर,
आणि 'आपल्या उत्तराची वाट पाहते'.

शारजात, रोल्याच्या चौथ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि मी प्रवासाच्या मासिकांना लिहिते,
जी विमानात पुढच्या खिशात असतात
आणि लोक ज्यात च्युइंगम गुंडाळतात.

सुरुवातीला अक्कल नव्हती.
'शारजाची खाडी' एवढंच लिहून पाठवलं होतं.
एका संपादिकाबाईंनी कळवलं, अगदी सौजन्यानं :
खाडी ही जागा झाली. गोष्ट कुठाय?
दोन दिवस राग आला.
तिसऱ्या दिवशी पटलं, म्हणून जास्तच आला.

मग गोष्ट शोधत धक्क्यावर गेले.
तिथे इस्माईल सारंग, जयगडचा,
गलबतावर भंडारी.
वय विचारलं तर म्हणाला, "पासपोर्टावर एकसष्ट."
बोसासोला निघालेले टायर, फ्रिज,
आणि कुणाचा तरी हिरवा सोफा,
त्या सोफ्याच्या सावलीत तो कांदा चिरत होता.
"तुमी आमच्याकडच्या काय?"
मी साताऱ्याची. तरी म्हटलं, हो.

आमसुलं संपली की तो
वाळल्या काळ्या लिंबाची सोलकढी करतो.
"रंग येत नाय," म्हणाला,
"पण खलाशी डोळे मिटून पितात."

ही गोष्ट. ही तर नक्की गोष्ट!
सतरा ठिकाणी पाठवली.
आमच्या वाचकांना तिथे टेबल मिळेल का?
मागे एखादा उंच टॉवर येईल का फोटोत?
समुद्रावर नुकतंच छापलं आम्ही (ते यॉटवर होतं).
बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही,
आणि हे काहीच-न-कळवणं
मी दिवसातून चाळीसदा उघडून पाहिलं.

एकानं मात्र काम दिलं :
गच्चीवरच्या दहा न्याहाऱ्या, आठशे शब्द,
पैसे छापून आल्यावर नव्वद दिवसांनी.
लिहिलं. नऊच जागा पाहिल्या होत्या.
मुलीच्या स्कूलबसची फी त्यातून गेली.

गलबत परतलं की सारंग विचारायचा,
"आलं काय छापून?"
विचार चाललाय त्यांचा, मी म्हणायची.
"सा म्हयने? अवो, एवढ्यात होडी बांधून होते."

मार्चमध्ये गलबत आलं
तर चुलीपाशी एक कच्छी पोरगा, मॅगी करत.
चाचा घर गया. आँख का ऑपरेशन.

आणि जूनमध्ये, भर दुपारी,
पंचेचाळीस अंशांत टॅक्सी शोधताना,
उत्तर :
आपली कल्पना अजून उपलब्ध आहे का?
सोबत त्यांचा फोटो, शक्यतो मावळतीच्या उजेडात.

माझ्याकडे एकच फोटो.
हात आहेत, कांदा आहे, सोफा अख्खा आहे.
कुणीतरी हाक मारली आणि
तोंड वळलं तेवढ्यात.

जयगडला फोन लावला.
सुनेनं त्याच्या कानाशी धरला.
छापतायत म्हटलं, हजार शब्द, तुमचं नाव, सगळं.
खूप वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग : "वाचा, काय लिवलंय ते."
वाचलं.
"बिया काढायचं नाय लिवलं तुमी.
बिया तशाच ऱ्हायल्या तर कडू जहर होतं.
लोक मला शिव्या घालतील.
पाठवू नका अजून."

इतकी वर्षं नकार घेतेय,
पण हा असा, कारणासकट,
पहिलाच.

बरं, म्हटलं. करते दुरुस्त.
फोन ठेवणार, तर तोच म्हणाला,
"आणि त्या सोफ्याचं काय केलंत?"
कुठल्या?
"हिरव्या. तो बोसासोत एका न्हाव्यानं घेतला.
गिऱ्हाईक बसून बसून झोपतं,
दाढी करायची ऱ्हाते.
तां लिवा की."

बादली भरली होती. ओतून आले.
मुलगी कूस बदलून झोपली.
विषयाच्या रकान्यात
मी 'हिरवा' एवढंच लिहिलं
आणि न्हाव्याचं नाव विचारायचं राहिलं
हे आठवून
पुन्हा फोन उचलला.
भारतात तेव्हा एक वाजून गेला होता.