सुट्टे

अकरा वर्षं माझ्या तोंडात एकच शब्द होता : सुट्टे.
सुट्टे द्या. सुट्टे नाहीत. सुट्टे असतील तरच चढा.
नवऱ्याशी भांडताना एकदा तोच निसटला,
तो हसला, भांडण मोडलं.

सोमवारपासून सिटीबस सगळ्यांनाच फुकट.
चामडी पिशवी डेपोत जमा केली, सही केली,
खांद्यावरचा पट्ट्याचा चट्टा तेवढा घरी आणला.
मशीन मात्र राहिलं. माणसं मोजायला
शून्य रुपयाचं तिकीट फाडा, साहेब म्हणाले.
फाडते.
गंजगोलाई ते एमआयडीसी, शून्य.
औसा रोड ते सरकारी दवाखाना, शून्य.

पहिल्या दिवशी दालमिलच्या बाया दारातच थबकल्या,
पापण्यांवर तुरीची धूळ.
"कुशावर्ताबाई, मागून तर घेणार न्हाईत न्हवं?"
चढल्या, पण उभ्याच राहिल्या,
बाकडी रिकामी असून.
चतुराबाईनं शून्याचं तिकीट पदराच्या गाठीत बांधलं,
जिथं दहाची नोट असायची.
चेकर आला तर?

ट्यूशनची पोरं एका दिवसात शिकली.
एका चौकापुरतीसुद्धा चढतात,
पुस्तक उघडतात, मिटतात, उतरतात.
आणि एक दारुडा, मागच्या सीटवर
सकाळपासून चौथी फेरी झोपलेला.
त्याला आता कशाच्या नावानं उठवू?

विश्वंभर मास्तर दहाचं नाणं हातावर ठेवू बघतात.
"फुकटाचं अंगी लागत नाही, बाई.
आणि पैसा येतो कुठून? आमच्याच घरपट्टीतून ना?"
मी काय सांगणार.
पुढून मैनोद्दीन गिअर टाकत बोलला,
"मास्तर, रात्री चौकातल्या दिव्याखालून गेलाव,
कितीचं तिकीट फाडलं?"
मास्तर गप्प. पण नाणं खिडकीच्या फटीत ठेवून उतरले.
दुसऱ्या दिवशी तिथंच होतं. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी नव्हतं.
कुणी नेलं, मी विचारलं नाही.

काल एका पोरानं जुनं तिकीट पुढं केलं,
घामानं पिवळं पडलेलं, पाठीवर माझं अक्षर :
३ बाकी.
"आता हिशोब संपला म्हणतेत, तर हे तरी द्या."
दिले. पदरचे दिले.
तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली बाकी देता येते.

मागच्या उन्हाळ्यात, रेणापूर नाक्याच्या अलीकडं
मी एकीला उतरवलं होतं.
चार रुपये कमी होते.
तिच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट,
ते तिनं डोक्यावर धरलं, उन्हाला आडोसा म्हणून,
आणि चालायला लागली.
पुढच्याच थांब्यावर चेकर चढला. पिशवी मोजली,
म्हणाला, चोख आहे तुमचं काम.

तिचा चेहरा आठवत नाही.
चेहरे मी कधी बघितलेच नव्हते,
हात बघितले नुसते : मेंदी, भेगा, युरियाचा वास,
मुठीत गरम झालेली नाणी.
आता हात रिकामे येतात,
त्यामुळं वर बघावं लागतं.
गर्दीत मोठं पाकीट दिसलं
की अंगठा मशीनवर थांबतो.
तिला काय म्हणायचं, तेही अजून ठरलेलं नाही.

नाका जवळ आला की मैनोद्दीन गाडी हळू करतो,
चढणारं कुणी नसलं तरी.
त्याला मी काही सांगितलेलं नाही.
दार उघडं ठेवून मी मोजते,
एक, दोन, तीन,
चार.
मग डबल बेल.