समोरची कड

गिरणीवाल्याने दिलेल्या सुट्ट्यांत हा निघाला.
जुना मोठा रुपया, चौऱ्याऐंशी सालचा,
कडेचा लचका गेलेला,
उंदराने भाकरी कुरतडावी तसा.
पिठाचा डबा पायाशी ठेवून
मी डॉकयार्ड रोडच्या फुटपाथवरच उभी राहिले.

होझेफाभाईंचं दुकान फोर्टात, टांकसाळीच्या मागे.
दुकान म्हणजे जिन्याखालची खुर्ची, एक दिवा,
चिमुकला तराजू आणि डोळ्यात रुतलेलं भिंग.
"रोज चार जण येतात," ते म्हणाले,
"कुणी कानशीने घासलेला आणतं, कुणी रुळावर चेपलेला,
कुणी अंगठी करायला ठोकला आणि कंटाळून सोडला.
सगळ्यांना वाटतं लॉटरी लागली.
लचका काय, कुणीपण तोडेल.
तुम्ही लचक्याकडे बघूच नका, बेन.
समोर बघा. बरोब्बर समोर."

त्यांनी नाणं दिव्याखाली फिरवलं.
घड्याळाच्या सहावर खाल्लेलं,
आणि बारावर
कड बसलेली, पुसट,
बाजूच्या बारीक रेघाही तिथे जेमतेम.
हात कुणीच लावला नव्हता तिथे.

"कोरी चकती यंत्रात फिरते. दोन बाजूंनी दाब बसतो,
तेव्हा कड उठते.
इथे धातूच नाही, तर तिथे दाब कुठून येणार?
नकली करणारे इथली जखम करतात,
तिथलं विसरतात."
वजन पाच पूर्णांक सहा. हवं होतं सहा.
सालाखाली चौकटीचं टिंब.
"आपल्या मुंबईचाच. अस्सल चूक आहे.
बाराशे देतो."

आप्पा त्याच भिंतीआड छत्तीस वर्षं होते,
हे मी त्यांना सांगितलं नाही.
पट्ट्यावरून वाहत येणारे रुपये बघायचे,
वाकडा दिसला की उचलून टबात टाकायचा, एवढंच काम.
संध्याकाळी दाराशी झडती,
चपला झटकून, जेवणाचा डबा उघडून.
आंघोळीनंतरही बोटांना धातूचा वास.
नजर अशी, की तांदळातला खडा
आईच्या आधी त्यांना दिसायचा.

चौऱ्याऐंशी.
त्या श्रावणात आमचा मुकुंदा गेला, चार वर्षांचा, गोवराने.
पाचव्या दिवशी आप्पा कामावर हजर.
कसे होते, कुणी विचारलं नाही.
घरात सगळे आईकडे बघत होते, रिकाम्या पाळण्याकडे,
तो माळ्यावर कसा चढवायचा त्याकडे.
मी नऊ वर्षांची. बरोब्बर समोर.
पाटीवर सातचा पाढा लिहीत होते,
पुसत होते, लिहीत होते.

कदाचित तो पट्टा दुसऱ्याच कुणाचा असेल.
पाळ्या तीन होत्या, माणसं शेकडो.

"काय करू, लिहू पावती?"
"हा चालतो का अजून? बाजारात?"
होझेफाभाईंनी भिंग काढलं.
"इतकी वर्षं चाललाच की."

मी तो रुमालाच्या कोपऱ्यात बांधला.
टांकसाळीच्या फाटकावरून जाताना
पहारेकऱ्याने सहज वर पाहिलं,
आणि माझा हात
आपोआप पदराखाली गेला.